प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांची जोडी कशी जमवावी

गेमिंगसाठी संगणक असेंबल करायला निघालेला माणूस जळगावच्या गोलाणी मार्केटात उभा असो की धुळे-नंदुरबारच्या एखाद्या दुकानात, त्याचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: "या कार्डाला कोणता प्रोसेसर चालेल?" या प्रश्नाला सरळ उत्तर देता येत नाही, कारण त्यात दोन गोष्टी सांगायच्या राहिलेल्या असतात. मॉनिटर कोणता आहे आणि त्यावर कोणते खेळ खेळायचे आहेत, हे कळेपर्यंत जोडी जमली की फसली हे कोणालाच ठरवता येणार नाही. तोच प्रोसेसर आणि तेच कार्ड एका घरात उत्तम चालते आणि दुसऱ्या घरात त्याच कार्डाची निम्मी ताकद नुसती पडून राहते.

हिवाळ्यात आपल्याकडे शेतात भरीत पार्टी होते, तेव्हा एक जण पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजतो आणि दुसरा ती सोलून लाकडी बडगीत ठेचतो. भाजणाऱ्याचा हात संथ असेल, तर ठेचणारा मुसळ धरून बसून राहतो. ठेचणारा संथ असेल, तर भाजलेल्या वांग्यांचा ढीग साचतो. गेमिंगच्या संगणकात भाजणारा म्हणजे प्रोसेसर. तुम्ही कोणते बटण दाबले, समोरचा शत्रू कुठे सरकला, कोणती वस्तू कशावर आदळली आणि या क्षणी पडद्यावर काय काय दिसायला हवे, याचा हिशेब तो प्रत्येक फ्रेमसाठी, म्हणजे पडद्यावर उमटणाऱ्या प्रत्येक चित्रासाठी, करतो आणि चित्र काढण्याच्या आज्ञा तयार करून पुढे पाठवतो. ग्राफिक्स कार्ड त्या आज्ञांप्रमाणे एकेक पिक्सेल, म्हणजे पडद्यावरचा ठिपका, रंगवते. आता भरीत किती बारीक ठेचायचे हे बदलले, तर ठेचणाऱ्याचे कष्ट वाढतात, भाजणाऱ्याचे वाढत नाहीत. रिझोल्यूशनचेही, म्हणजे चित्र किती पिक्सेलांचे काढायचे याचेही, तसेच आहे. ते वाढवले की कार्डावरचा भार वाढतो, प्रोसेसरवरचा जवळपास तेवढाच राहतो. पुढचा सगळा हिशेब या एका फरकावर उभा आहे.

ज्याला सगळे 'बॉटलनेक' म्हणतात, तो काही संगणकाला जडलेला आजार नव्हे. दोघांपैकी एक जण नेहमीच मागे असणार आणि कोण मागे आहे हे खेळागणिक, इतकेच काय, एकाच खेळातल्या प्रसंगागणिक बदलणार. प्रश्न फक्त कोणी मागे राहावे एवढाच असतो, आणि माझे मत असे की कथाप्रधान खेळांत तरी कार्ड मागे असलेले बरे. कार्ड पूर्ण ताकदीने चालू असते तेव्हा फ्रेमा एकसारख्या अंतराने येतात. प्रोसेसर कमी पडतो तेव्हा त्या अडखळत येतात आणि सरासरी आकडा चांगला दिसूनही डोळ्यांना झटके जाणवतात. प्रोसेसर आणि कार्ड यांची नावे टाकली की "इतके टक्के बॉटलनेक" असा एकच आकडा देणारी संकेतस्थळे या बाबतीत निरुपयोगी आहेत, कारण तुम्ही कोणता खेळ कोणत्या सेटिंगवर खेळणार आहात हे त्या आकड्याला माहीतच नसते.

पहिली पायरी: मॉनिटरपासून सुरुवात

मॉनिटरच्या दोन गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात, रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेट (पडदा सेकंदाला किती वेळा नवे चित्र दाखवतो तो हर्ट्झमधला आकडा). १९२० × १०८० (१०८०पी) च्या पडद्यावर २०,७३,६०० पिक्सेल असतात, २५६० × १४४० (१४४०पी) वर ३६,८६,४०० आणि ३८४० × २१६० म्हणजे फोर-के पडद्यावर ८२,९४,४००. १०८०पी वरून १४४०पी वर गेल्यास कार्डाला पावणेदोन पटींहून थोडे अधिक पिक्सेल रंगवावे लागतात आणि फोर-केवर बरोबर चौपट. थोडक्यात, रिझोल्यूशन हा कार्डाच्या खर्चाचा आकडा आहे.

रिफ्रेश रेटचा भार मात्र दोघांवरही पडतो. ६० हर्ट्झच्या पडद्याला दर १६.७ मिलिसेकंदांनी एक फ्रेम लागते, १४४ हर्ट्झच्या पडद्याला दर ६.९ मिलिसेकंदांनी. कार्डावरचा भार आपण सेटिंग उतरवून हलका करू शकतो. प्रोसेसरच्या हिशेबाला अशी सवलत फारशी मिळत नाही. म्हणून १०८०पी आणि १४४ किंवा १६५ हर्ट्झ असा मॉनिटर घेणाऱ्याने प्रोसेसरकडे अधिक लक्ष द्यावे आणि १४४०पी किंवा फोर-के घेणाऱ्याने कार्डाकडे. घरी जुना ६० हर्ट्झचाच मॉनिटर असेल आणि तो बदलायचा नसेल, तर ६० च्या पुढच्या फ्रेमांसाठी महागडा प्रोसेसर घेण्यात अर्थ नाही. उरलेले पैसे मॉनिटरसाठी बाजूला ठेवलेले अधिक शहाणपणाचे ठरेल.

दुसरी पायरी: खेळांची यादी

पुढच्या दोन वर्षांत खरोखर खेळले जाणारे चार-पाच खेळ लिहावेत आणि त्यांचे ढोबळ दोन गट करावेत. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ यांसारख्या स्पर्धात्मक खेळांत खेळाडू मुद्दाम हलक्या सेटिंगवर शेकडो फ्रेमा काढायला बघतात, त्यामुळे तिथे बहुतेक वेळा प्रोसेसरच मर्यादा घालतो. मोठ्या नकाशांचे रणनीतीचे खेळ, शहर वसवण्याचे खेळ आणि फ्लाइट सिम्युलेटर हेही प्रोसेसरचेच पाहुणे. दुसऱ्या गटात रेड डेड रिडेम्प्शन २ सारखे चित्रसमृद्ध खेळ येतात, जे कार्डाची परीक्षा घेतात. सायबरपंक २०७७ दोन्हीकडे त्रास देतो: रे ट्रेसिंग चालू केले की कार्डावर भार येतोच, पण प्रकाशकिरणांच्या हिशेबासाठी दृश्यातल्या वस्तूंची मांडणी प्रत्येक वेळी अद्ययावत ठेवण्याचे कामही वाढते आणि त्यातला काही वाटा प्रोसेसरच्या डोक्यावर बसतो.

एएमडीच्या ज्या प्रोसेसरांच्या नावात 'एक्स-थ्री-डी' येते त्यांचे मोल पहिल्या गटासाठी आहे. २०२२ मध्ये आलेल्या रायझन ७ ५८००एक्स-थ्री-डी मध्ये ९६ एमबी एल-थ्री कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) होती, तर साध्या रायझन ७ ५८००एक्स मध्ये ३२ एमबी. खेळाला वारंवार लागणारी माहिती रॅमपर्यंत न जाता प्रोसेसरच्या जवळच सापडते, म्हणून तेवढ्याच कोअरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या स्वतंत्र कामगारांत) फ्रेमा वाढतात. पण १४४०पी वर मध्यम कार्डाने कथाप्रधान खेळ खेळणाऱ्याला त्या जादा पैशांचा फरक जाणवणार नाही.

तिसरी पायरी: दोन आकड्यांची तुलना

हा या लेखाचा गाभा आहे आणि यासाठी वही-पेन पुरेसे आहे. प्रोसेसरची चाचणी घेणारे परीक्षक त्याच्याबरोबर सर्वांत ताकदवान कार्ड जोडतात आणि रिझोल्यूशन कमी ठेवतात, जेणेकरून कार्ड आड येऊ नये. त्या चाचणीत जो आकडा येतो तो त्या खेळातली त्या प्रोसेसरची कमाल मर्यादा. कार्डाची चाचणी घेताना याच्या उलट करतात. सर्वांत वेगवान प्रोसेसर जोडून वेगवेगळ्या रिझोल्यूशनवर आकडे काढतात, आणि ती कार्डाची कमाल मर्यादा. तुमच्या यादीतल्या एका खेळासाठी हे दोन्ही आकडे शोधून शेजारी शेजारी लिहावेत. त्यांतला लहान आकडा म्हणजे साधारणपणे तुमच्या वाट्याला येणाऱ्या फ्रेमा.

समजा, एका खेळात प्रोसेसरची मर्यादा ११० फ्रेमांची आहे आणि निवडलेले कार्ड तोच खेळ १०८०पी वर १४०, १४४०पी वर ९५ आणि फोर-केवर ५० फ्रेमांनी चालवते. या जोडीला १०८०पी वर ११० फ्रेमा मिळतील आणि कार्डाची सुमारे ३० फ्रेमांची ताकद वाया जाईल. १४४०पी वर ९५ मिळतील आणि जोडी छान जमलेली असेल. फोर-केवर ५० मिळतील आणि यापेक्षा स्वस्त प्रोसेसरनेही तेवढेच काम झाले असते. माणूस तोच, संगणक तोच. फक्त मॉनिटर बदलला आणि निर्णय फिरला. तुलना करताना सरासरीबरोबर 'एक टक्का लो' (सर्वांत संथ एक टक्का फ्रेमांचा वेग) हा आकडाही पाहावा, कारण अडखळणे तिथे दिसते. सरासरी ११० आणि एक टक्का लो ४५ असा प्रोसेसर कागदावर चांगला आणि हातात त्रासदायक असतो.

इथे एक बारकावा पुष्कळांच्या नजरेतून सुटतो. डीएलएसएस किंवा एफएसआर चालू केल्यावर कार्ड चित्र कमी रिझोल्यूशनवर काढते आणि मग मोठे करते. १४४०पी वर डीएलएसएसचा 'क्वालिटी' पर्याय निवडला, तर आतले चित्र साधारण १७०७ × ९६० चे असते, आणि फोर-केवर 'परफॉर्मन्स' निवडला तर ते १९२० × १०८० चे. कार्डाचा भार उतरतो, फ्रेमा वाढतात, आणि वाढलेल्या प्रत्येक फ्रेमचा हिशेब प्रोसेसरला करावा लागतो. म्हणून "माझा मॉनिटर १४४०पी आहे, मला प्रोसेसर कसाही चालेल" असे म्हणणाऱ्याने डीएलएसएस वापरायचे असल्यास कार्डाची मर्यादा १०८०पी च्या रकान्यातून घेऊन वरचा हिशेब पुन्हा मांडावा.

चौथी पायरी: प्रत्यक्ष जोड्या

किमती आठवड्यागणिक हलतात, त्यामुळे त्या इथे देत नाही. जोड्यांचे तारतम्य मात्र टिकाऊ असते. १०८०पी आणि ६० ते ७५ हर्ट्झसाठी चार कोअर-आठ थ्रेडचा (थ्रेड म्हणजे एकाच वेळी चालू शकणारे एक काम) कोअर आय३-१२१००एफ आणि रेडिऑन आरएक्स ६६०० ही काटकसरीची जोडी अजूनही काम देते. १०८०पी आणि १४४ हर्ट्झसाठी सहा कोअर-बारा थ्रेडचा कोअर आय५-१२४००एफ किंवा रायझन ५ ५६०० घ्यावा आणि त्यासोबत आरटीएक्स ४०६० अथवा त्याच्या जागी २०२५ मध्ये आलेले आरटीएक्स ५०६० घ्यावे. ही दोन्ही कार्डे ८ जीबी मेमरीची आहेत. नव्या खेळांत पोत (टेक्स्चर, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रे) उच्च ठेवायचे असतील तर ८ जीबी कमी पडू लागते, म्हणून १४४०पी चा विचार असणाऱ्याने आरटीएक्स ५०६० टीआय किंवा आरएक्स ९०६० एक्सटी यांची १६ जीबीची आवृत्ती मागून घ्यावी. दोन्ही कार्डे ८ जीबीतही मिळतात आणि खोक्यावरचे नाव जवळपास सारखेच असते, हे ध्यानात ठेवून बिलावर जीबीचा आकडा लिहून घ्यावा. त्या कार्डांसोबत रायझन ५ ७६०० किंवा त्याच तोडीचा प्रोसेसर शोभतो. आरटीएक्स ५०७० किंवा आरएक्स ९०७० एक्सटीपर्यंत जाणाऱ्याने स्पर्धात्मक खेळ असतील तर रायझन ७ ७८००एक्स-थ्री-डी पाहावा, नसतील तर साध्या सहा किंवा आठ कोअरवर थांबावे.

रायझन ७६०० चा एएम५ बोर्ड फक्त डीडीआर५ रॅम घेतो, त्यामुळे जुनी डीडीआर४ रॅम हाताशी असलेल्याचा खर्च वाढतो. उलट १२४००एफसाठी डीडीआर४ चा बोर्ड मिळतो. बी४५० सारख्या जुन्या बोर्डावर रायझन ५६०० बसवायचा असेल, तर आधी बायोस (बोर्डावरचा मूळ प्रोग्राम) अद्ययावत करून घ्यावे, नाहीतर नवा प्रोसेसर बसवूनही पडदा काळाच राहील.

बोर्ड आणि कार्ड यांना जोडणाऱ्या पीसीआय एक्सप्रेस या मार्गाच्या लेनचा, म्हणजे मार्गिकांचा, प्रश्न स्वस्त कार्डांत अधिक बोचतो. आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड पीसीआय एक्सप्रेसच्या फक्त चार लेन वापरते आणि त्यात मेमरी ४ जीबी. पीसीआय एक्सप्रेसच्या चौथ्या पिढीच्या बोर्डावर ते निभावते, पण तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर मेमरी भरली की ते ठळकपणे मागे पडते. आरएक्स ६६०० आणि आरटीएक्स ४०६० यांना आठ लेन असतात, तिथे तोटा बराच कमी असतो. रायझन ५ ५५०० आणि ५६००जी हे प्रोसेसर नावाने ५६०० च्या शेजारचे वाटले, तरी ते तिसऱ्या पिढीच्याच लेन देतात आणि त्यांची एल-थ्री कॅशही ३२ ऐवजी १६ एमबी आहे. वेगळे कार्ड घेणारच असाल, तर थोडे पैसे वाचवण्यासाठी ५६०० ऐवजी हे घेऊ नयेत. इंटेलच्या आर्क बी५८० ला १२ जीबी मेमरी आहे आणि भाव आकर्षक असतो; परंतु त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची पूर्ण मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू असलेला बोर्ड हवा आणि जुन्या किंवा दुबळ्या प्रोसेसरबरोबर त्याचा ड्रायव्हर अधिक भार टाकतो, म्हणून जुन्या संगणकात बसवण्यासाठी ते योग्य नव्हे.

जुन्या ऑफिस संगणकात नवे कार्ड

आपल्या भागात ही जोडी इतकी लोकप्रिय आहे की तिच्याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे. मुंबई-पुण्याच्या कार्यालयांतून निघालेले इंटेलच्या चौथ्या पिढीच्या आय५ चे डेस्कटॉप स्वस्तात मिळतात आणि "यात कार्ड टाका, गेमिंग पीसी झाला" असे सांगून विकले जातात. माझ्या अमळनेरच्या भाच्याने असाच एक घेतला आणि साठवलेल्या पैशांतून त्यात आरटीएक्स ३०६० बसवून घेतले. पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला: "मामा, कार्ड नवं शे, तरी गेम काबर अटकस?"

मी गेलो तेव्हा त्याने सायबरपंक लावून दाखवला. मोकळ्या रस्त्यावर गाडी बरी पळत होती, बाजारपेठेच्या गर्दीत शिरली की चित्र थांबत थांबत सरकायचे. मी पडद्याच्या कोपऱ्यात आकडे दाखवणारा प्रोग्राम लावला. प्रोसेसरचे चारही कोअर शंभरावर टेकलेले आणि कार्ड जेमतेम निम्म्यावर. मग त्याला म्हटले, सगळी सेटिंग 'लो' कर. त्याने केली, फ्रेमा होत्या तेवढ्याच राहिल्या. पुन्हा 'हाय' केली, तरी तेवढ्याच. त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जे उमटले ते मला कोणत्याही आलेखाने समजावता आले नसते. चित्र कुरूप करून त्याने पंधरा दिवस खेळ सोसला होता आणि त्यातून एक फ्रेमही मिळत नव्हती. सेटिंग 'हाय' ठेवून फक्त गर्दीचे प्रमाण कमी केले, तेवढ्याने झटके थोडे घटले. दिवाळीत त्याने बोर्ड बदलून १२४००एफ आणि १६ जीबी डीडीआर४ रॅम घेतली. कार्ड तेच आहे.

असा डेस्कटॉप घ्यायचाच असेल, तर काही गोष्टी आधी तपासाव्यात. त्यातला एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा, म्हणजे सप्लाय) बहुधा २४० ते ३०० वॅटांचा आणि कंपनीच्या स्वतःच्या जोडणीचा असतो. बाजारातला नेहमीचा २४ पिनचा सप्लाय थेट बसत नाही, अडॅप्टर लागतो. बारक्या कॅबिनेटात फक्त लो-प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीचे, कार्ड मावते. म्हणून अशा संगणकाला वेगळी वीजजोडणी न लागणारे ७५ वॅटचे जीटीएक्स १६५० हे रास्त टोक समजावे. त्याच्या पुढचे पैसे त्या प्रोसेसरवर वाया जातात. दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरांत एव्हीएक्स२ हा आज्ञासंच नाही आणि काही नवे खेळ त्याच्याशिवाय सुरूच होत नाहीत. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे चालते, विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि व्हॅलोरंटला विंडोज ११ वर टीपीएम २.० व सिक्युअर बूट या बोर्डावरच्या सुरक्षा सोयी लागतात. हे सगळे जमेस धरले की आठव्या पिढीच्या खालचा डेस्कटॉप गेमिंगसाठी घेण्याची शिफारस मी कोणालाही करत नाही.

पाचवी पायरी: रॅम आणि जोडणी

चांगली जोडी घेऊनही ती बिघडवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे १६ जीबीची एकच रॅमपट्टी लावणे. ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या लावल्या की ड्युअल चॅनेल सुरू होतो आणि प्रोसेसरला माहिती मिळण्याचा रुंद रस्ता खुला होतो. एक टक्का लो आकड्यात याचा परिणाम विशेष जाणवतो. चार खाचांच्या बोर्डावर दोन पट्ट्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवाव्यात. नंतर बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्सपो चालू करावे, नाहीतर ३२०० ची म्हणून घेतलेली डीडीआर४ रॅम २१३३ किंवा २४०० वर रेंगाळत राहते.

कार्ड नेहमी प्रोसेसरला सर्वांत जवळच्या मोठ्या खाचेत बसवावे. खालची खाच दिसायला तेवढीच लांब असली, तरी तिला पुष्कळदा चारच लेन जोडलेल्या असतात. मॉनिटरची केबल कार्डाला लावावी, मदरबोर्डाला नव्हे. हे इतके उघड आहे की लिहायला संकोच वाटतो, पण रायझन ७६०० सारख्या प्रोसेसरात स्वतःचे लहानसे ग्राफिक्स असते, त्यामुळे केबल मदरबोर्डाला लावली तरी चित्र येते आणि हजारोंचे कार्ड निमूट बसून राहते. भुसावळच्या एका परिचिताने दुकानातून जोडून आणलेला संगणक महिनाभर याच अवस्थेत वापरला होता. शेवटी विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट खरोखर १४४ झाला आहे का ते पाहावे, कारण तो पहिल्यांदा ६० वरच राहिलेला असू शकतो.

सहावी पायरी: मोजून पाहणे

एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबत येणारे रिव्हाट्यूनर हे मोफत प्रोग्राम बसवावेत आणि कार्डाचा वापर, प्रत्येक कोअरचा वापर, दोघांचे तापमान, मेमरीचा वापर आणि फ्रेमटाइमचा (एका फ्रेमला लागणाऱ्या वेळेचा) आलेख पडद्यावर आणावा. फ्रेमांवर मर्यादा घालणारी व्ही-सिंकसारखी सेटिंग तात्पुरती बंद करून यादीतला सर्वांत जड खेळ वीस मिनिटे खेळावा. कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या वर टिकत असेल, तर कार्ड मर्यादा घालते आहे. तो ८०-८५ च्या खाली हेलकावत असेल, तर बहुतेक वेळा प्रोसेसर, रॅम किंवा खुद्द खेळाची रचना आड येते आहे.

प्रोसेसरचा एकूण टक्का पाहून मात्र फसू नये. बारा थ्रेडच्या प्रोसेसरवर खेळाचा एकच मुख्य थ्रेड पूर्ण भरला, तर एकूण वापरात त्याची नोंद सव्वाआठ टक्क्यांच्या आसपास होते. त्यामुळे टास्क मॅनेजर ४० टक्के दाखवत असतानाही प्रोसेसर कमी पडत असू शकतो. शंका फेडण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे रिझोल्यूशन एक पायरी उतरवणे. फ्रेमा वाढल्या तर अडचण कार्डाची होती, नाही वाढल्या तर प्रोसेसरची.

निदान झाल्यावर पैसे खर्च करण्यापूर्वी सेटिंगने किती भागते ते पाहावे. प्रोसेसर कमी पडत असेल, तर गर्दीची घनता, दूरच्या वस्तूंचे अंतर आणि रे ट्रेसिंग उतरवावे, आणि उलट पोत व रिझोल्यूशन वाढवावे. कार्ड मोकळेच आहे, ती शोभा फुकटची आहे. फ्रेमा ज्या पातळीवर स्थिर राहतात तिथे मर्यादा घालावी, कारण ७० ते १२० मध्ये हेलकावण्यापेक्षा ७५ वर स्थिर असणे हाताला अधिक गुळगुळीत वाटते. कार्ड कमी पडत असेल, तर सावल्या आणि प्रतिबिंबे आधी उतरवावीत, मग डीएलएसएस किंवा एफएसआर. फ्रेम जनरेशनने (दोन खऱ्या फ्रेमांमध्ये कार्डाने स्वतः बनवलेल्या फ्रेमा घालण्याने) आकडा फुगतो आणि हालचाल सलग दिसते, पण मूळ फ्रेमा कमी असतील तर बटण दाबल्यापासून प्रतिसाद येईपर्यंतचा उशीर कमी होत नाही, उलट थोडा वाढतो; स्पर्धात्मक खेळात त्याचा उपयोग नाही.

सातवी पायरी: मे महिना आणि वीज

परदेशी चाचण्या थंड किंवा वातानुकूलित खोलीत होतात. जळगाव-भुसावळच्या पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून वर. हिटसिंक खोलीच्या हवेपेक्षा थंड कधीच होऊ शकत नाही. २५ अंशांच्या खोलीत ७० वर राहणारा प्रोसेसर ४३ अंशांच्या खोलीत ढोबळमानाने ८८ च्या आसपास पोहोचेल, आणि रायझन ५ ५६०० ची कमाल मर्यादा ९० आहे. तिथे तो स्वतःचा वेग उतरवतो. हिवाळ्यात जमलेली जोडी उन्हाळ्यात प्रोसेसरच्या बाजूने लंगडी पडते ती अशी. म्हणून खोक्यात आलेल्या छोट्या पंख्यावर न थांबता टॉवर प्रकारचा एअर कूलर घ्यावा आणि समोर जाळी असलेले कॅबिनेट निवडावे. आपल्याकडे 'कूलर' म्हटले की लोकांना खिडकीतला वाळ्याचा कूलर आठवतो. तोही खोली थंड करायला उपयोगी आहे, पण त्याचा ओला झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नये.

धरणगावकडच्या, जिनिंग जवळ असलेल्या एका घरातला संगणक मी उघडला होता. खेळ लावल्यावर दहा मिनिटांनी फ्रेमा घसरतात अशी तक्रार होती. पंखा काढला तर हिटसिंकच्या पात्यांवर कापसाच्या तंतूंचा राखाडी, नमद्यासारखा थर बसला होता, इतका घट्ट की तो नखाने एका तुकड्यात निघाला. थर्मल पेस्ट वाळून खडू झाली होती. साफसफाई आणि नवी पेस्ट, एवढ्यावर संगणक पूर्ववत झाला. त्या घरच्यांना नवा प्रोसेसर घ्यायला सांगितले गेले होते.

विजेचा हिशेबही जोडीवरच ठरतो. आरटीएक्स ४०६० चा कमाल वापर ११५ वॅट, आरटीएक्स ५०७० चा २५० वॅट. एनव्हीडिया पहिल्यासाठी ५५० आणि दुसऱ्यासाठी ६५० वॅटचा सप्लाय सुचवते, आणि तो नामवंत बनावटीचा असावा. फुकट म्हणून कॅबिनेटबरोबर आलेला एसएमपीएस बाजूला ठेवावा. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो, म्हणून ४०६० च्या संगणकाला तो खेळ साठवून नीट बंद करण्यापुरता पुरतो आणि ५०७० च्या संगणकाला खेळ चालू असताना अपुरा पडू शकतो. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचे असेल तर तो शुद्ध साइन वेव्हचा हवा. चौकोनी लहरीच्या जुन्या इन्व्हर्टरवर चांगले सप्लायसुद्धा अचानक बंद पडतात. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर दोष संगणकात न शोधता आधी घराचे अर्थिंग तपासून घ्यावे.

जोडणी पूर्ण झाल्यावर सहाव्या पायरीतले आकडे, खोलीचे तापमान आणि तारीख एका चिठ्ठीवर लिहून ती कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवावी. तीच चाचणी पुन्हा मेच्या एखाद्या दुपारी, तीन वाजता, त्याच खेळात आणि त्याच सेटिंगवर घ्यावी. फ्रेमा घटलेल्या दिसल्या आणि प्रोसेसरचे तापमान मर्यादेला टेकलेले असले, तर कार्डाच्या दुकानाकडे जाण्याआधी ब्रश हाती घ्यावा.